नाहीचा पत्ता

माझी नोकरीच नाही म्हणण्याची आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबकच्या नळ्या बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी माल तपासते. नळीचा तुकडा कापायचा, जाडी मोजायची, पाण्याचा दाब देऊन बघायचा आणि खोट दिसली की सगळं वेटोळं बाजूला काढायचं. उत्पादन विभागातली माणसं मला लांबून बघूनच तोंड वाकडं करतात. आलेली स्थळंही मी तशीच एकेक करून बाजूला काढली असं आईचं म्हणणं आहे, आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तेव्हा पत्त्यांच्या त्या खेळात मी कोणत्या बाजूची असणार हे सांगायला ज्योतिषी नको. खेळ म्हणजे रमी किंवा तीनपत्ती नव्हे. आमच्या गल्लीत बरीच वर्षं तसा समज होता आणि मी दर रविवारी जुगार खेळायला जाते म्हणून शेजारच्या काकूंनी आईचं सांत्वनसुद्धा केलं होतं. या खेळात प्रत्येकजण घरून स्वतःचा गठ्ठा बांधून आणतो. गठ्ठ्यात काय घालायचं, काय गाळायचं याचा विचार आठवडाभर चालतो, आणि खरा खेळ तिथेच अर्धा होऊन जातो. काही पत्ते शक्ती देतात, ती शक्ती खर्चून बाकीचे पत्ते टाकायचे. पत्ता वापरला की तो आडवा करायचा. आडवा पत्ता पुन्हा उभा होईपर्यंत निरुपयोगी.

आम्ही चौघं होतो. मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला एक, ज्याच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही बसायचो. चित्रकलेचा शिक्षक एक, जो पत्त्यांवरच्या चित्रांसाठी खेळायचा आणि त्यामुळे सहसा हरायचा. मी. आणि वीज कंपनीतला एक लाइनमन, मूळचा धुळ्याकडचा, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान. त्याने मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हटलं, मग बाकीचे दोघंही म्हणू लागले.

खरे पत्ते महाग आणि मुंबई-पुण्याहून मागवावे लागत. म्हणून आमच्यातले निम्मे पत्ते लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून जाड कार्डावर छापून घेतलेले होते. त्यांच्यावरची इंग्रजी नावं आम्हाला तोंडात बसेनात, तेव्हा आम्ही आमची नावं ठेवली. शक्ती मोजायला तुरीचे दाणे. शक्ती मिळाली की वाटीतून दाणा उचलून पुढ्यात ठेवायचा, खर्च झाली की परत वाटीत टाकायचा. डाळ मिलच्या गावात दाण्यांची काय कमी?

लाइनमनचा गठ्ठा साखळीचा होता. अशा गठ्ठ्याचा माणूस बराच वेळ काहीच करत नाही. कोणाशी लढत नाही, कोणाला दुखवत नाही, दहा वेळा मार खातो आणि हसतो. त्याला फक्त तीन पत्ते जुळून यायची वाट बघायची असते. ते जुळले की एकाच डावात तो सगळ्यांना संपवतो. त्याचे तीन पत्ते म्हणजे विहीर, मोट आणि वानर. विहीर आडवी केली की दाणे मिळायचे. मोट आडवी केली की विहीर पुन्हा उभी राहायची. वानराला एक दाणा दिला की ते मोट पुन्हा उभी करायचं. एवढं सगळं करून दर फेरीला एक दाणा वरचा उरायचा. मग तीच फेरी पुन्हा, पुन्हा, हवी तितक्या वेळा. दाण्यांचा ढीग होईस्तोवर आम्ही तिघं बघत बसायचो, आणि मग त्या ढिगाच्या जोरावर तो आम्हाला संपवायचा.

माझा गठ्ठा नाहीचा. त्यात दुसऱ्याचा पत्ता टेबलावर टेकायच्या आत रद्द करणारे पत्ते भरलेले. दोघांच्या खेळात हे सोपं असतं. समोर एकच शत्रू, त्याच्यावर डोळा ठेवायचा. चौघांत बसलं की गणित बिघडतं. हातात नाहीचा एकच पत्ता आणि समोर तीन माणसं. दुकानदाराचा राक्षस अडवला की शिक्षकाचा अजगर सुटतो, अजगर अडवला की साखळी सुटते. म्हणून राक्षसाचे दात खायचे, अजगराचा मारही खायचा आणि हातातला पत्ता धरून ठेवायचा. साखळीतसुद्धा पहिल्या पत्त्यावर हात टाकायचा नाही. विहीर येऊ द्यावी, मोट येऊ द्यावी. वानर आलं की मगच नाही म्हणावं, कारण तोवर समोरच्याची सगळी शक्ती खर्च झालेली असते.

हे लाइनमनला माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून तो खोटं वानर टाकायचा. मोठ्या आवाजात, आता संपवतोच असा आव आणून, असला पत्ता टाकायचा की मी घाबरून माझा 'नाही' खर्चून बसावं. मग गालात हसून खरं वानर काढायचा. खेळ सुरू करायच्या आधी त्याच्या धुळ्याकडच्या बोलीत ठरलेला प्रश्न असे, "अक्का, आज तुनाजोडे कितला 'नाही' शेतस?" मी म्हणे, तुझ्यासाठी पुरून उरतील एवढे. निम्म्या वेळा मी खोटं बोलत असे आणि निम्म्या वेळा त्याला ते कळत असे.

आणखी एक नियम इथे सांगायला हवा. कोणी साखळी सुरू केली की त्याच्या डाव्या हातापासून एकेकाला विचारतात, तुझ्याकडे उत्तर आहे का. नसेल तर किंवा द्यायचं नसेल तर "पास" म्हणायचं. लाइनमनच्या डावीकडे दुकानदार, मग शिक्षक, आणि मी शेवटी. ही जागा माझ्या वाट्याला कशी आली ते आता आठवत नाही, पण एकदा आली ती कायमची. त्यामुळे पहिले दोघं हातात उत्तर असलं तरी पास म्हणत. त्यांना माहीत असे की पुढे अक्का बसली आहे, ती करेल काय ते. माझा पत्ता जायचा, त्यांचा वाचायचा, आणि वर लाइनमनच्या शिव्याही मलाच. यावरून मी कितीदा भांडले. दोघं हसण्यावारी न्यायचे.

एकदा आम्ही चौघं धुळ्याला स्पर्धेला गेलो. खेळाच्या सामानाच्या दुकानावर एक हॉल होता, तिथे नाशिक, सुरत, इंदूरकडून पोरं आलेली, महागडे खरे पत्ते, पाठीवर गठ्ठ्यांच्या पिशव्या. आमची लग्नपत्रिकेची कार्डं बघून त्यांच्यात कुजबुज झाली. तिथे छापलेले पत्ते चालत होते म्हणून बरं. शेवटच्या टेबलावर मी होते आणि लाइनमन होता, बाकी दोघं परगावचे. माझ्या हातात नाहीचे दोन पत्ते होते. त्याने पहिलं खोटं वानर टाकलं, मी गप्प बसले. दुसरं टाकलं ते इतकं खरं वाटलं की माझा एक पत्ता गेला. मग त्याने शांतपणे एक असा पत्ता टाकला की माझा दुसराही गेला. मग विहीर, मोट, वानर. एकदाही न अडखळता, दर फेरीला काय आडवं झालं, काय उभं राहिलं, कुठला दाणा वाटीत गेला ते तोंडाने सांगत. सुरतेचा पोरगा मोबाइलवर त्याचं शूटिंग करत होता. हरल्याचा मला राग आला होता आणि तरीही त्याचे हात बघत राहावेसे वाटत होते.

परतताना दुकानदाराच्या जुन्या गाडीत लाइनमन पुढे बसला होता. पारोळ्याच्या पुढे रस्त्याकडेच्या तारांकडे बघत त्याने सांगितलं की वर चढणंही असंच असतं. आधी उपकेंद्रातून लाइन बंद करून घ्यायची, मग खांबाजवळचा स्विच खाली ओढायचा, मग टेस्टर लावून बघायचा, मग तारांना अर्थिंगची साखळी अडकवायची, आणि मगच तारेला हात. लाइन बंद असली तरी कुठल्या तरी दुकानातला जनरेटर उलटा प्रवाह सोडतो, म्हणून अर्थिंग. त्याचा एक जोडीदार अर्थिंग झालंय असं धरून चालला होता. "झालेलं नव्हतं," एवढंच तो म्हणाला, आमच्यासाठी मुद्दाम शुद्ध मराठीत.

त्या पावसाळ्यानंतर त्याला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी तो बायकोला ओळखेना. धुळ्याच्या एका दवाखान्यात नेलं. मेंदूज्वर. आम्ही तिघं भेटायला गेलो तेव्हा तो छताकडे बघत होता आणि त्याची धाकटी मुलगी खाटेच्या दांड्याला धरून उभी होती. मला रडू आलं. मी बाहेर जिन्यात जाऊन रडले, कारण त्याने बघितलं असतं तर आयुष्यभर चिडवलं असतं, असं तेव्हा वाटलं.

तो वाचला. दिवाळीनंतर घरी आला, बोलू लागला, हसू लागला. चार-सहा महिन्यांनी अगदी पूर्वीसारखा दिसू लागला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू कामाला लागा. कंपनीतले म्हणाले, माणसं कमी आहेत, कधी येतोस? एका रविवारी तो आमच्या खोलीवर आला, गठ्ठा काढला, पण पिसायला घेतला नाही. दुकानदाराने मागवलेला चहा त्याने प्यायला आणि थोड्या वेळाने रिकाम्या कपाकडे बघत मला हळूच विचारलं, "अक्का, मी चहा पिना का?" मी हो म्हटलं. त्याने मान हलवली, जणू त्याला हे उत्तर येणार हे माहीतच होतं.

मग त्याने सांगितलं. घरच्यांना नाही, डॉक्टरला नाही, आम्हाला सांगितलं. "बाकी बठ्ठं बरं शे. पन कधी कधी हातले वाटस व्हयी गयं, अनि व्हयेल नही ऱ्हास." कुलूप लावलंय असं वाटतं आणि दार उघडं असतं. गॅस बंद केलाय असं वाटतं आणि तो चालू असतो. रोज नाही, पण होतं. सोमवारी त्याला कामावर रुजू व्हायचं होतं. वर चढल्यावर हे झालं तर? "वरे चुकनू ते दुसरा डाव नही, अक्का."

म्हणून त्याने आम्हाला एक काम दिलं. पुढच्या रविवारी त्याच्याशी खरा खेळ खेळायचा. खांबावरच्या कामापेक्षा त्याची साखळी लांब, आणि ती करताना तिघं माणसं त्याला मोडायला बसलेली. ती न चुकता पुरी झाली तर तो चढेल. नाही झाली तर साहेबांना जाऊन सांगेल की मला खाली ठेवा. "कीव नको करा," तो म्हणाला. "खरं खेळा." सोमवार एक आठवडा पुढे ढकलायला त्याने साहेबांना मनवलं होतं. आम्ही तिघांनी शब्द दिला.

तो आठवडा माझा वाईट गेला. कारखान्यात वेटोळी तपासताना मनात एकच घोळत होतं. आतापर्यंत मी त्याला शंभर वेळा नाही म्हटलं असेल. पण या वेळी मी माझा पत्ता टाकला आणि साखळी तोडली तर त्यातून काय सिद्ध होणार? अक्काने अडवलं, एवढंच. अक्का तर नेहमीच अडवते. तो म्हणेल, माझी साखळी बरोबर होती, तुझ्यामुळे अडली, आणि सोमवारी खांबावर चढेल. तो कुठे चुकतो हे कळायचं असेल तर त्याला शेवटपर्यंत जाऊ द्यावं लागणार होतं, आणि मला हातात पत्ता धरून गप्प बसावं लागणार होतं. मला ते जमत नाही. माझा सगळा जन्म खोट दिसायच्या आत माल बाजूला काढण्यात गेलाय.

रविवारी दुपारी खोलीकडे जाताना बाकीचे दोघं कोपऱ्यावरच्या रसवंतीत भेटले. त्यांचं आपापसात ठरलेलं होतं. शिक्षक म्हणाला, "अक्का, त्याला जिंकू देऊ. एवढ्या मरणाच्या दारातून आलाय, जरा उभारी येईल." दुकानदार म्हणाला की एकदा आत्मविश्वास आला की हे विसरणं-बिसरणं आपोआप जातं, त्याच्या मामाचं असंच झालं होतं. मी दोघांना तिथेच झापलं. म्हटलं, तो जिंकायला येत नाहीये, आपण जगू की मरू ते बघायला येतोय. शिक्षकाचे डोळे भरले. मनाने तो फार चांगला माणूस आहे आणि त्या क्षणी त्याच्या चांगुलपणाची मला चीड आली.

खोलीत पंखा गरम हवा फिरवत होता. खाली दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं. लाइनमन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. गठ्ठे पिसले, पत्ते उचलले, आणि पहिल्याच हातात मला नाहीचा पत्ता आला. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

सुरुवातीला तो इतका छान खेळला की माझ्या छातीवरचं ओझं उतरू लागलं. दुकानदाराचे राक्षस त्याने अंगावर घेतले. शिक्षकाला गोड बोलून स्वतःवरचा हल्ला माझ्यावर वळवला. मग एक खोटं वानर टाकलं, तस्साच आव आणून. मी हलले नाही आणि त्याच्या तोंडावर तो जुना बेरकीपणा चमकून गेला. मनात म्हटलं, देवा, हा ठीक आहे. आपण उगाच घाबरलो.

मग विहीर आली. मग मोट. मग त्याने खरं वानर टेबलावर ठेवलं आणि डावीकडे बघितलं.

"पास," दुकानदार म्हणाला.

"पास," शिक्षक म्हणाला, आणि माझ्याकडे बघून त्याने मान किंचित हलवली, की बाई, तूही जाऊ दे.

लाइनमन माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत हातात नाहीचा पत्ता असताना मी जे म्हटलं नव्हतं ते म्हटलं. "पास."

त्याचा चेहरा पडला. "तू बी, अक्का?" त्याला वाटलं मीही कीव केली.

"कीव नाही. तू साखळी पुरी कर, मी बघतेय."

त्याने माझ्या डोळ्यांत बघून खात्री करून घेतली आणि सुरू केलं. विहीर आडवी, दाणे घेतले. मोट आडवी, विहीर उभी. वानर, मोट उभी. पुन्हा विहीर. तोंडाने तो सगळं म्हणत होता, धुळ्याला म्हणत होता तसं, आवाजही तोच. तिसऱ्या-चौथ्या फेरीला माझ्या लक्षात आलं की त्याच्या पुढ्यातला ढीग फार लवकर वाढतोय. मी त्याच्या बोटांकडे बघू लागले. वानराचं नाव घेताना त्याचा हात वाटीकडे जात होता, वाटीच्या काठाला टेकत होता आणि परत येत होता. दाणा वाटीत पडत नव्हता.

दोघांनी ते बघितलं की नाही हे मी आजही सांगू शकत नाही. दुकानदाराने टाळी वाजवली. "जिंकलास! खल्लास!" शिक्षक पत्ते गोळा करायला लागला, भराभर, जसं पाहुण्यांच्या आधी पसारा आवरतात. मी दोन्ही तळहात लाइनमनच्या पत्त्यांवर ठेवले.

"राहू दे. भाऊ, एक फेरी पुन्हा कर. हळू."

"अक्का, जाऊ दे ना आता," शिक्षक म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लाइनमनने एक फेरी केली. हात वाटीला टेकला आणि परत आला. मी म्हटलं, पुन्हा. त्याने पुन्हा केली, अजून हळू. हात टेकला, परत आला.

"वानराचा दाणा राहिला," मी म्हटलं.

"मी ठेवा ना."

"नाही ठेवलास."

"ठेवा ना, अक्का. तुना समोर ठेवा." तो चिडला नव्हता. समजावून सांगत होता. त्याचा हात त्याला सांगत होता की ठेवला, आणि त्याचा हातावर विश्वास होता, जसा कोणाचाही असतो. मी वाटी रिकामी केली, सगळे दाणे एका बाजूला केले आणि त्याला म्हटलं, आता कर. त्याने केलं. "वानर," तो म्हणाला, "दाणा दिन्हा, मोट उभी." मग त्याने स्वतःच वाटीत बघितलं. वाटी रिकामी होती.

तो बराच वेळ वाटीत बघत राहिला. खाली रस्त्यावर कोणीतरी रिक्षा चालू करत होतं आणि ती चालू होत नव्हती. दुकानदार उठून खिडकीपाशी गेला. शिक्षक रडत होता, आणि त्याच्या रडण्यात माझ्यावरचा राग होता हे मला न बघता कळत होतं.

शेवटी लाइनमनने हात पुढे केला आणि माझ्या हातातले पत्ते मागितले. मी दिले. त्याने ते पसरले आणि नाहीचा पत्ता वेगळा काढला.

"हाऊ तुनाजोडे पयलेपासून व्हता?"

"होता."

"मंग वानरवर काब नही टाका?"

मी सांगितलं. आठवडाभर जे मनात घोळत होतं ते सगळं सांगितलं. अडवलं असतं तर तू सोमवारी चढला असतास, म्हणून नाही अडवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तो हुशार माणूस आहे, मी बोलायच्या आधीच त्याला सगळं कळलं होतं.

"बराबर करं तू," तो म्हणाला. मग पत्ता माझ्यासमोर पालथा ठेवला. "पन तू टाकती ते मी निस्ता हारतू, अक्का. आते मी संपी गऊ."

सोमवारी तो साहेबांकडे गेला आणि त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्याला तक्रार कक्षात बसवलं, फोन घ्यायला. रविवारी तो पुन्हा आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेले. एकदा तो झोपला होता, एकदा बाहेर गेला होता, असं मला दारातच सांगण्यात आलं. तिघांत खेळून बघितलं, पण शिक्षक माझ्याशी खेळापुरतंच बोलायचा, आणि एक दिवस दुकानदाराने वरची खोली गोडाऊनला दिली. आता दोघंही भेटले की म्हणतात, अक्का, तू केलंस तेच बरोबर होतं. त्या दिवशी त्या खोलीत मात्र मी एकटी होते. शेवटच्या जागेवर बसवून हात झटकायची त्यांची सवय पत्त्यांपुरती नव्हती, हे मला कळायला हवं होतं.

त्याची बायको एकदा भाजी बाजारात दिसली. मीच पुढे होऊन विचारलं, कसा आहे. तिने मेथीची जुडी पिशवीत घातली. "बरा शेतस," ती म्हणाली. "आते येळवर घर येतस. अनि बसी ऱ्हातस." ती रागात नव्हती. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थोडं थांबली, मग पुढच्या भाजीवाल्याकडे गेली.

मला कोणी विचारलं तर मी आजही तेच करेन. हे मी स्वतःला फार वेळा सांगते. त्याच्या दोन मुलींना बाप आहे. आणि ज्या माणसाचे हात धुळ्याला मला बघत राहावेसे वाटले होते, ते हात मीच त्याला दाखवून दिले की हे आता तुझे नाहीत. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं कमी होत नाही.

या मे महिन्यात भर दुपारी आमच्या भागातली वीज गेली. जळगावचा मे, आई घामाने भिजलेली, तिला दम लागत होता. तासभर वाट बघून मी तक्रार कक्षाला फोन लावला. तिकडून आवाज आला आणि मी ओळखला. मी म्हटलं, "भाऊ, अक्का बोलतेय."

"ग्राहक क्रमांक सांगा," तो म्हणाला.

मी बिल शोधून आकडे वाचून दाखवले. त्याने ते एकेक करून परत म्हटले, एकही न चुकता. मग मला दुसऱ्यांदा विचारले, आणि पुन्हा परत म्हटले. मी म्हटलं, आईला त्रास होतोय रे, किती वेळ लागेल?

"तक्रार नोंदवलीय, मॅडम," तो म्हणाला. शुद्ध, स्वच्छ मराठीत, कचेरीतले बोलतात तसं. "तुमच्याच लाइनवर काम चालू आहे. माणूस वर चढलाय. तो खाली उतरल्याशिवाय लाइन सुरू करता येत नाही."

मी हो म्हटलं. त्याने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. खांबावरचा माणूस खाली उतरेपर्यंत आम्ही दोघं फोन धरून बसलो.